गुरगुरणारं डबडं

घरातले आवाज ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुकरची शिट्टी रोजच्यापेक्षा दमानं आली की रबर सैल झालंय, हे आपण दुसऱ्या खोलीत भाजी निवडताना सांगतो. मिक्सरचा सूर चिरका झाला की भांड्याखालचं कपलर झिजलंय. नळाला पाणी यायच्या आधी पाइपात जी फुसफुस होते, ती ऐकून तर आपण अर्ध्या झोपेत उठून हंडे लावतो. मग मला सांगा मैत्रिणींनो, कॉम्प्युटर घरघर करू लागला की आपण एवढ्या परक्यासारख्या का वागतो? लगेच "अहो, बघा ना जरा," नाहीतर मेकॅनिकला फोन. जणू त्या डब्यात भूत बसलंय आणि त्याला उतरवायला पुरुष माणूसच हवा!

आधी आमच्या भागाबद्दल दोन शब्द सांगते, कारण या गोष्टीत त्याचा मोठा वाटा आहे. माझं माहेर बुलढाण्याचं, म्हणजे घाटावरचं. मे महिन्यातही तिथं संध्याकाळी अंगणात बरं वाटतं. सासर खामगावचं, घाटाखालचं. एकच जिल्हा, पण घाट उतरलं की हवा भट्टीची. त्यातून खामगाव म्हणजे कापसाचं गाव. या कापसासाठीच १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, जिनिंग सुरू झालं, की हवेत रुईचं बारीक तूस तरंगतं. पडद्यावर, मच्छरदाणीवर, पंख्याच्या पात्यांवर ते कसं बसतं हे घाटाखालच्या बायकांना सांगायला नको. पंख्याची पाती आपण पुसतो. पण कॉम्प्युटरच्या पोटातही पंखे आहेत आणि तेही तीच हवा ओढतात, याची आठवण कुणाला होते?

आमचा कॉम्प्युटर तसा जुनाच. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर आले आणि पाच इंची पडद्यावर मला मुलांची तोंडं दिसेनात, तेव्हा अकरा हजाराला सेकंडहँड घेतला. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे शाळा बंद म्हणजे मानधनाचाही प्रश्नच. शिकवणीचे साठवलेले पैसे होते, ते घातले. घरातली फ्रिज, टीव्ही, स्कूटर ही सगळी 'आमची' आहेत. हा डबा तेवढा माझा. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला एमएस-सीआयटी केलं होतं, मराठी टायपिंग येत होतं. त्या बळावर आजूबाजूच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायला लागले. पानाला वीस रुपये. हसू नका, जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत त्यातून मुलीची वर्षाची फी निघते.

आणि नेमका २०२४ च्या जानेवारीत, सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका येऊन पडलेल्या असताना, डबा गुरगुरायला लागला. पहिले दोन दिवस सुरू करताना मिनिटभर घर्र व्हायचं आणि थांबायचं. तिसऱ्या दिवशी थांबेचना. मी रात्री दहानंतर टाइप करते, घर झोपल्यावर. आतल्या खोलीतून सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, आवाज आला, "काहून गुरगुरून राह्यलं व हे डबडं? दयन दयतं का काय?"

"व्होल्टेज वाढलं असेल," असं ह्यांचं मत पडलं. हे मत बऱ्याच घरांतून ऐकू येतं म्हणून सांगते. छताच्या पंख्याला ते लागू आहे, व्होल्टेज वाढलं की तो जोरात फिरतो. पण कॉम्प्युटरमधले पंखे थेट घरच्या विजेवर चालतच नाहीत. वायर जिथं खोचतो, त्यामागे आत एक चौकोनी पेटी असते. मेकॅनिक तिला एसएमपीएस म्हणतात. ती २३० व्होल्टची वीज घेते आणि पंख्यांना १२ व्होल्टची करून देते. बाहेर थोडं कमी-जास्त झालं तरी पंख्याला बारा ते बाराच.

मेकॅनिक आला. त्यानं डबा उघडला नाही. टेबलाशी उभं राहून दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "वहिनी, जुनं झालंय आता. मदरबोर्डच जाणार समजा. नवीन सेट घ्या, पंचवीस हजारांत बसवून देतो." आणि ह्यांच्याकडे वळून पुढचं सगळं ह्यांच्याशीच बोलला! वस्तू माझी, पैसे माझे, काम माझं, आणि सल्ला ह्यांना. मी चहा दिला आणि "बघू नंतर" म्हणून पाठवलं. पंचवीस हजार म्हणजे वीस रुपयांची किती पानं, याचा हिशेब चहाचा कप विसळताना झाला. साडेबाराशे.

आता मदरबोर्ड हा एक सपाट पत्रा. त्यावर फिरणारं काही नसतं. न फिरणारी वस्तू घर्र कशी करेल? आवाज येतोय म्हणजे काहीतरी हलतंय. आणि त्या डब्यात हलणाऱ्या वस्तू मोजक्याच: पंखे, सीडीचा खण, आणि जुना कॉम्प्युटर असेल तर हार्ड डिस्क. या शेवटच्या बाईचं नाव आधी घेतलं पाहिजे. हार्ड डिस्कमध्ये आपलं सगळं साठवलेलं असतं आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरत असतात. बिघडताना तिचा आवाज बहुतेकदा नुसत्या घरघरीचा नसतो. ठरावीक वेळानं टक्... टक्... असा, भिंतीवरच्या पालीसारखा येतो. तसा आला तर बाकी काही करत बसू नका, त्याच घटकेला महत्त्वाचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पंखा बाजारात मिळतो. मुलीच्या बारशाचे फोटो मिळत नाहीत. माझा आवाज टकटकीचा नव्हता, तरी त्या रात्री मी पहिलं काम तेच केलं. प्रश्नपत्रिका, फोटो, सासऱ्यांच्या पेन्शनचे कागद, सगळं उतरवलं आणि मग झोपले.

मशीनला पंखा लागतोच कशाला, असं मुलीनं विचारलं. ती आठवीत आहे, विचारणारच. जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह असायचे आणि रेडिओचा डबा वरून गरम लागायचा, हे तुमच्यापैकी काहीजणींना आठवत असेल. १९४६ साली अमेरिकेत एनियाक नावाचा संगणक जगापुढं आला, त्यात असे सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. त्याला दीडशे किलोवॅट वीज लागायची, म्हणजे दोन हजार वॅटचे पंचाहत्तर गीझर एकदम लावल्यासारखं. उष्णता बाहेर काढायला मोठाले ब्लोअर बसवावे लागले. आणि गंमत बघा, त्या राक्षसाला गणितं कशी घालायची हे बसवलं ते सहा बायकांनी! के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्स, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. कितीतरी वर्षं त्यांचं नावही कुणी घेतलं नाही. आपल्याकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये तयार झालेला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' हे नाव दिलेला संगणकही व्हॉल्व्हचाच होता.

आता व्हॉल्व्ह गेले, यंत्र टेबलावर आलं, पण ऊब काही गेली नाही. मधला जो प्रोसेसर असतो, तो काम करताना साठ-पासष्ट वॅट खातो. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावून बघा, म्हणजे कळेल. आणि ही सगळी उष्णता पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान तुकड्यात तयार होते. त्याच्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पाकळ्यांचा एक ठोकळा बसवतात, त्याला हीट सिंक म्हणतात, आणि त्या ठोकळ्यावर पंखा. ठोकळा ऊब शोषतो, पंखा ती उडवून लावतो. गरम चहा बशीत ओतून आपण फुंकर मारतो, तसंच हे. पण फुंकर खोलीतल्या हवेचीच ना! मे महिन्यात आमच्या खोलीतली हवाच चाळिशीला टेकलेली असते. मग पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो, आणि तरी भागलं नाही तर मशीन स्वतःचा वेग कमी करतं, शेवटी आपोआप बंद होतं. आवाजाकडे दुर्लक्ष करू नये ते यासाठी.

रविवारी दुपारी मी डबा उघडला. आधी बटण बंद, मग भिंतीतून पिन काढली, मग रिकामं बटण एकदा दाबून ठेवलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. सुती साडी मुद्दाम नेसले होते. ह्यात शोभेचा भाग नाही. नायलॉनच्या साडीत कोरड्या हवेत कशा ठिणग्या चट्चट् होतात ते तुम्ही अंधारात पाहिलं असेल. ती एवढीशी ठिणगी आपल्याला गुदगुली करते, पण आतल्या नाजूक भागांना मारून टाकते. म्हणून सुती कपडा, आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. मागचे दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा मागे सरकवला, तो आला हातात.

आत काय असेल? गादी! अक्षरशः पिंजलेल्या कापसाची करडी गादी. हीट सिंकच्या पाकळ्यांमध्ये रुई, धूळ आणि केस असे काही घट्ट बसले होते, की हवा जायला फट नव्हती. मुलगी म्हणाली, "आई, यात तर उशी भरेल."

पण धूळ बघून लगेच साफ करायला घेतलं नाही. आवाज नक्की कोणाचा, हे आधी ठरवायला हवं. डबा उघडा ठेवून पुन्हा सुरू केला (आत बोट घालायचं नाही, पदर कमरेला खोचलेला, वेणी मागे) आणि वर्तमानपत्राची लांब पुंगळी करून एक टोक कानाला लावलं, दुसरं एकेका पंख्यापासून वीतभर अंतरावर धरलं. डॉक्टर छाती तपासतात तसं. मागच्या जाळीचा पंखा नुसता वारा घालत होता, स्स्स् असा. एसएमपीएसचा बारीक गुणगुणत होता. प्रोसेसरवरच्या पंख्याशी पुंगळी नेली आणि कानात जातं सुरू झालं.

आवाजांची जात ओळखायला फार विद्या लागत नाही. नुसतं जोराचं सूं सूं असेल तर पंखा चांगला आहे, धुळीनं गुदमरून जास्त जोरानं फिरतोय. झाडलं की थांबतं. एकसारखी टरटर, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखी, आली तर एखादी वायर पात्याला लागतेय. ती बाजूला करून दोऱ्यानं बांधली की झालं. सगळा डबाच थरथरत असेल तर कुठला तरी स्क्रू ढिला. आणि सुरू करताना घर्र, गरम झाल्यावर थोडं कमी, दिवसेंदिवस जास्त, असं असेल तर पंख्याच्या आसातलं तेल सुकलंय. माझा तो हाच.

पुन्हा सगळं बंद केलं, पिन काढली. मुलीच्या रंगपेटीतला मऊ ब्रश घेतला. झाडताना एक गोष्ट सांभाळा, पात्याला पेन्सिल लावून ते अडवून धरा. ब्लोअरची हवा मारून पंखा भिंगरीसारखा फिरवायला मुलांना मजा वाटते, पण त्या वेगानं आस आणखी झिजतो. सायकलवाल्याकडची हवा मारून आणू का, असं ह्यांनी विचारलं. नको म्हटलं, त्या हवेत पाण्याचे थेंब असतात. पंखा चार लहान स्क्रूंनी ठोकळ्यावर बसवलेला होता, तो तेवढा काढला. ठोकळा जागचा हलवला नाही. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये एक राखाडी मलम असतं, थर्मल पेस्ट. ठोकळा उचलला की ते पुसून नवीन लावावंच लागतं. नवीन मलम हाताशी नसेल तर ठोकळ्याला हात लावायचाच नाही. काही मशीनमध्ये ठोकळा चार काळ्या खुंट्यांवर दाबून बसवलेला असतो. त्यातली एखादी निसटली तरी मशीन तापतं, म्हणून तेवढं बोटानं चाचपून घ्यायचं.

एवढं होईपर्यंत आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. पंखा माझ्या हातात. मी पातं बोटानं फिरवलं, तर अडखळत अर्धा फेरा जाऊन थांबलं. त्या म्हणाल्या, "त्याचा गया सुकला असन. माह्या मशीनचं तेल पाज त्याले." (आमच्या वऱ्हाडात गळ्याला गया म्हणतात.) त्यांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय, गावातल्या अर्ध्या बायकांची पोलकी शिवलीत. मशीनच्या खणातून त्यांनी स्वतःच ती चपट्या नळीची बाटली काढून आणली.

बायांनो, तेल हेच. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि एरवीही चिकट होऊन धूळ धरतं. गोडं तेल तर मुळीच नको. पंख्याच्या मधोमध गोल कागद चिकटवलेला असतो, तो नखानं अर्धाच उचलायचा. खाली बारीक भोक किंवा रबराचं बूच दिसतं. त्यात एक थेंब, फार तर दोन. जास्त घातलं तर ते उडून सगळीकडे पसरतं. पातं दहा-वीस वेळा बोटानं फिरवायचं, बाजूचं तेल चिंधीनं पुसायचं आणि कागद परत दाबायचा. काही पंख्यांचा आस पूर्ण बंद असतो, तिथं हा उपाय चालत नाही. आमच्यात चालला. पातं असं फिरायला लागलं की थांबेना. आत्याबाई म्हणाल्या, "हं, आता कसं!"

सगळं जोडलं. पंख्याची चार तारांची पिन जिथून काढली तिथंच घातली. ती राहिली तर सुरू होताना पडद्यावर 'सीपीयू फॅन एरर' असं येतं. बटण दाबलं. आवाज आला, पण कानाला लागेल असा नाही. त्या रात्री मी एक वाजेपर्यंत भूगोलाच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या आणि आतल्या खोलीत सगळे घोरत होते. घोरण्याचा आवाज मशीनपेक्षा जास्त होता, हे ह्यांना सांगितलेलं नाही.

तेलाचा उपाय हा औषधासारखा नसून उतारवयातल्या टॉनिकसारखा असतो. मार्चअखेरपर्यंत निभलं, प्रश्नपत्रिका गेल्या, फी भरली. एप्रिलच्या उकाड्यात घरघर परत आली, तेव्हा नवीन पंखाच आणला. साडेतीनशे रुपये. दुकानात जाताना जुना पंखा पिशवीत घेऊन गेले, त्यामुळे माप सांगायची भानगड नाही. रुंदी, १२ व्होल्ट, चार तारांची पिन, स्क्रूच्या भोकांतलं अंतर, सगळं ताडून घेतलं. चार तारांचा असेल तर मशीन त्याचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतं, तीन तारांचा घेतला तर बऱ्याच मशीनवर तो सदा एकाच जोरानं बोंबलतो. दुकानदारानं विचारलं, "ताई, बसवायला पोरगा पाठवू?" नको म्हटलं.

मग कूलरवरून घरात वाद झाला. टेबल नेमकं कूलरच्या तोंडासमोर होतं. माणसाला गार वाटतं तर मशीनलाही वाटेल, हा ह्यांचा युक्तिवाद. ऐकायला बरोबर वाटतो. पण कूलर वाऱ्याबरोबर दमट हवा फेकतो. नुसती धूळ ब्रशनं झडते, दमट हवेत भिजून वाळलेली धूळ मात्र खरवडीसारखी धरते. आणि नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा तर खारपाणपट्टा. तिथल्या बहिणींना कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर कसा चढतो ते माहीत आहे. तुषारांबरोबर तेच क्षार मशीनच्या नाजूक पिनांवर जाऊन बसले तर काय होईल? मी टेबल उचलून खिडकीच्या आडभिंतीला लावलं. डबा जमिनीवरून काढून लाकडी पाटावर ठेवला, मागं वीतभर जागा सोडली. रात्री त्यावर पांघरूण घालायची माझ्या मुलीला हौस, म्हणून सांगितलं, बंद असेल तेव्हाच घाल. चालू मशीनवर भरतकामाचं कव्हर म्हणजे मे महिन्यात माणसाला गोधडी.

एक पंखा मात्र मी हाताळला नाही आणि तुम्हीही हाताळू नका, तो एसएमपीएसच्या पेटीतला. पिन काढल्यावरही त्या पेटीत वीज साठून राहते आणि ती जोराचा झटका देऊ शकते. बाहेरून जाळीवर ब्रश फिरवायचा, बस्स. पुढे पावसाळ्यात तो कुरकुरायला लागला, तेव्हा दुसऱ्या दुकानातून मुलगा बोलावला. त्यानं पेटीच बदलली, हजाराच्या आत काम झालं. हा मुलगा माझ्याशी बोलला, मी काय सांगते ते ऐकून घेतलं, आणि डबा उघडल्यावर "ताई, एवढं स्वच्छ कुणी ठेवलं?" असं विचारलं. आत्याबाईंनी बाहेरूनच सांगितलं, "आमी."

आता वर्षातून दोनदा डबा उघडते, एकदा होळीच्या सुमारास, कापसाचा हंगाम सरल्यावर, आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. अर्धा तास लागतो. छोटा चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश आणि तेलाची बाटली आत्याबाईंच्या शिलाई मशीनच्या खणात एकत्र ठेवलेत. शेजारच्या दोघीजणी ते मागून घेऊन गेल्या. ब्रश परत आलाय, स्क्रूड्रायव्हर अजून यायचाय.